खांबावरचं पाच जणांचं कुटुंब

आमच्या इमारतीत माझ्याविषयी जे बोललं जातं त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं खरं आहे आणि संधी मिळाली तर मी ते पुन्हा करीन.

मी जगदीश बिवलकर. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका कारखान्यात विद्युत विभागात इंजिनियर आहे. कारखाना जेद्दापासून उत्तरेला तासाभरावर, घर जेद्दातच, अल अझीझियामध्ये. चौदा वर्षांत माझ्यामुळे कुठलंही वाहन सायरन वाजवत निघालेलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण या वर्षी तीन निघाली.

सुरुवात टिपऱ्यांनी केली. उन्मेष टिपरे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, एका बँकेच्या संगणक विभागात आहेत आणि त्यांच्याकडे तोफेसारखा कॅमेरा आहे. जानेवारीत मराठी मंडळाची सहल आमच्या कारखान्याशेजारच्या किनाऱ्यावर गेली. तिथे कंपनीचा एक जुना, वापरात नसलेला धक्का आहे आणि त्याच्या टोकाला दिव्याचा उंच खांब. खांबाच्या माथ्यावर काटक्यांचा ढीग आणि ढिगावर एक मोठा पक्षी. टिपऱ्यांनी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला: ‘जेद्दाची घार.’

माझं बालपण केळशीच्या खाडीवर गेलं. पांढरंशुभ्र पोट, डोळ्यावरून मागे गेलेला काळा पट्टा आणि पाय पुढे काढून पाण्यात धपकन पडायची ती पद्धत, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मी नम्रपणे लिहिलं, ‘ही घार नाही. कैकर आहे. इंग्रजीत ऑस्प्रे.’

खाली सतरा हसरे चेहरे आले. आणि टिपऱ्यांचं उत्तर आलं: ‘जगदीशराव, कावळा म्हणाला नाहीत हेच नशीब.’

माणूस पगारवाढ नाकारलेली सहन करतो. पण आपल्या खाडीवरचा पक्षी परक्या देशात भेटावा आणि त्याला एका संगणकवाल्याने घार म्हणावं, वर आपण हसं व्हावं, हे सहन करण्यापलीकडचं होतं. मी तिथल्या तिथे ठरवलं. या जोडप्याचे फोटो काढायचे. एक-दोन नाही. अंड्यापासून पिल्लं उडेपर्यंत, अख्खा हंगाम.

“तुम्हाला फोनमध्ये माझा फोटो नीट काढता येत नाही,” आसावरी म्हणाली. आसावरी माझी बायको. “दर वेळी माझं कपाळ कापता.”

“पक्षी हलत नाही,” मी म्हटलं.

“मग पक्षी कसला?” ती म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

कॅमेरा घेताना कुणाचा सल्ला घेऊ नका, एवढा एक सल्ला सोडून बाकी सगळे सल्ले मला मिळाले. शेवटी मी टिपऱ्यांच्या कॅमेऱ्यापेक्षा बोटभर लांब भिंग असलेला कॅमेरा आणला. पहिल्या शुक्रवारी गाडीच्या थंडगार एसीतून बाहेर पडलो आणि समुद्राच्या दमट हवेने माझा चष्मा आणि कॅमेऱ्याचं भिंग एकाच क्षणी पांढरं झालं. चाळीस फोटो काढले. आमची इरा, वय वर्षं चौदा, ते बघून म्हणाली, “बाबा, दिस इज लंडन.”

मग कळलं की पक्ष्याला आपण दिसता कामा नये. त्यासाठी शिकारी लोक तंबू वापरतात. मी दिवाणखान्याचा तपकिरी पडदा वापरला. चार काठ्या, वर पडदा, आत मी, फटीतून भिंग बाहेर. इराने एकदा लांबून पाहिलं आणि म्हणाली, “यू लुक लाइक अ सोफा.” तीन शुक्रवार मी सोफा होऊन बसलो आणि त्या तीन शुक्रवारांत नराने काटक्या आणून घरटं फूटभर वाढवलं. काटक्यांबरोबर तो जाळ्याचे तुकडे, प्लॅस्टिकची दोरी आणि एकदा अख्खी रबरी चप्पल घेऊन आला. मादीने चप्पल तीनदा जागा बदलून लावली. संसार म्हटला की हे आलंच.

इकडे इमारतीत वेगळीच चर्चा. समोरच्या फ्लॅटमधल्या हैदराबादच्या शबनमभाभींनी मला जिन्यात गाठलं. “भाईसाब, हर जुम्मे को सुबह सुबह कहाँ निकल जारे आप? घर में सब खैरियत है ना?”

“परिंदे देखने जाता हूँ.”

त्यांनी माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहिलं आणि संध्याकाळी आसावरीसाठी बिर्याणीचा डबा पाठवला. सोबत निरोप होता, ‘सबर करो, मर्दों की ये उमर निकल जाती.’

चौथ्या शुक्रवारी माझी गाडी वाळूत रुतली. ती काढायच्या ऐवजी, मादी अंड्यांवर बसलेली दिसली म्हणून मी आधी पडद्यात शिरलो. इथे माझं चुकलं असं आसावरीचं मत आहे. थोड्या वेळाने मागे जीप थांबल्याचा आवाज आला.

“एश हादा?” म्हणजे, हे काय आहे?

समुद्रकिनाऱ्याची राखण करणारा गणवेशातला तरुण जवान. त्याच्या बाजूने विचार केला पाहिजे. कारखान्याच्या कुंपणाजवळ मालक नसलेली गाडी, आणि पुढे समुद्राकडे तोंड करून बसलेला, भिंग बाहेर काढलेला पडदा. मी हात वर करून बाहेर आलो. पडद्याच्या तीन कड्या माझ्या कानांत अडकल्या होत्या.

“इकामा?”

इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गाडीत; गाडी वाळूत. त्याने कॅमेरा मागितला आणि एकेक फोटो बघायला लागला. पक्षी. पक्षी. पक्षी. दोनशे बारा वेळा पक्षी. मग त्याच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी झालं.

“उकाब!” तो म्हणाला, म्हणजे गरुड, आणि स्वतःचा फोन काढून माझ्या नाकासमोर धरला. त्यात हाच खांब होता, हेच घरटं होतं, मागच्या वर्षीचं. त्याच्या आदल्या वर्षीचंही होतं. त्याचं नाव उसामा. त्याला कामापुरतं हिंदी येत होतं. “ये मेरा उकाब है. तीन साल से मेरा है. तुम कौन?”

मी म्हटलं, “मैं जगदीश.”

त्याने माझी गाडी जीपने ओढून काढली, पाण्याची बाटली दिली आणि मग गंभीर होऊन म्हणाला, “बिना तसरीह ममनू. तसरीह लाओ.”

तसरीह म्हणजे परवाना, ममनू म्हणजे मनाई. चौदा वर्षं माझे सगळे सरकारी कागद कंपनीचा माणूस करून आणतो. त्यामुळे स्वतः खिडकीसमोर उभं राहण्याचा मला अनुभव नव्हता. पहिल्या कार्यालयातल्या कारकुनाला वाटलं, मी पाळीव ससाण्याबद्दल बोलतोय. इथे ससाण्यांना पासपोर्ट असतो.

“पासपोर्ट कुठे आहे?” त्याने विचारलं.

“माझा?”

“पक्ष्याचा. मालक कोण?”

“मालक नाही.”

“मग तुझ्याकडे कसा?”

“माझ्याकडे नाही. खांबावर आहे.”

“खांब कुणाचा?”

“आमच्या कंपनीचा.”

“मग पक्षी कंपनीचा. कंपनीचं पत्र आण.”

कंपनीने लेखी कळवलं की कंपनीकडे एकही पक्षी असल्याची नोंद नाही. ते पत्र घेऊन मी दुसऱ्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “खतम?” मी म्हटलं, खतम. ते पुन्हा म्हणाले, “खतम!” मी त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले आणि आनंदाने घरी आलो. आसावरीने शिरा केला. तिसऱ्या दिवशी कळलं की अरबीत खतम म्हणजे शिक्का. ते बिचारे शिक्का मागत होते. शिरा मात्र संपला होता.

तीन आठवड्यांनी परवाना हातात पडला. उसामाने तो दोनदा वाचला आणि कपाळाला हात लावला. “ये मछली का तसरीह है.”

किनाऱ्यावर तासन्‌तास बसायचा परवाना फक्त हौशी मासेमारीसाठी मिळतो, म्हणून कुणीतरी सद्‌भावनेने मला मच्छीमार करून टाकलं होतं. उसामा कायद्याचा पक्का. “बैठो. लेकिन मछली पकड़ो.” त्यामुळे पुढचे तीन महिने माझ्या एका हातात गळ आणि दुसऱ्या हातात कॅमेरा होता. नर कैकर दिवसाला चार-पाच मासे आणायचा. मी तीन आठवडे काहीही आणलं नाही. तो मासा घेऊन माझ्या डोक्यावरून जाताना मुद्दाम थोडा खाली यायचा असा मला संशय आहे.

फेब्रुवारी संपता संपता पिल्लं झाली. आणि नेमका रमझान सुरू झाला. रमझानात आमचं ऑफिस दुपारी लवकर सुटतं, तेव्हा मी रोज जायला लागलो. गळ आणि कॅमेरा एकदम सांभाळता येईना, म्हणून एक दिवस आसावरीला जबरदस्तीने नेलं. ती रागातच गळ धरून बसली. अर्ध्या तासात तिने चांगली दोन वीत लांब शेरी मासळी ओढून काढली. दुसऱ्या दिवशी मी तयार व्हायच्या आत ती टोपी घालून दाराशी उभी होती.

हळूहळू ती दुर्बीणही लावायला लागली. मादी उन्हात पंख पसरून पिल्लांवर सावली धरते, मासा आला की इवलेइवले तुकडे करून एकेकाच्या चोचीत घालते, हे बघताना आसावरी गप्प व्हायची. नर आला की मात्र बोलायची. “बघितलंत? मासा आणायच्या आधी डोकं स्वतः खाऊन येतो.” मी म्हटलं, “दमत असेल.” ती म्हणाली, “ती काय बसून असते?” मी कॅमेऱ्यात डोळा घातला.

पिल्लं तीन. दोन धट्टीकट्टी, तिसरं बारीक. ते शेवटी जन्मलं आणि प्रत्येक घासाला शेवटी पोचायचं. मोठी दोन पोटभर खाऊन लवंडली की मग त्याची पाळी. उरलं तर. आसावरी पुटपुटायची, “अगं, त्याला दे की. मागच्याला.” संध्याकाळी सूर्य समुद्रात टेकला की उसामा जीपमागे चटई अंथरायचा, आम्हाला बोलवायचा. खजूर, ताक. आम्ही तिघं चटईवर, वर खांबावर नराने आणलेला शेवटचा मासा. “उसका भी इफ्तार,” उसामा म्हणायचा. फोटोंची संख्या तोवर सात हजारांवर गेली होती. टिपऱ्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘ही ऑस्प्रे आहे हे मी जानेवारीतच ओळखलं होतं.’ उत्तर द्यायला माझ्यापाशी तेव्हा वेळ नव्हता.

ईदची सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर एक फॉर्म आला. जुना धक्का पाडायचा आहे, सुरुवात टोकाच्या खांबापासून. खांबाला हात लावायच्या आधी त्याची वीज कायमची तोडली आहे असा दाखला लागतो. कारखान्यात तो दाखला मी देतो. गेली अकरा वर्षं मीच देतोय.

पिल्लं सहा आठवड्यांची होती. उडायला अजून दोन आठवडे तरी हवे होते.

आमचे प्रकल्प प्रमुख श्रीकांत सर नाशिकचे. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या वरच्यांनी त्यांना तारीख दिलेली होती. ते स्वतः खाली आले. “जगदीश, ती सही तेवढी करून टाक. क्रेन उद्या येतेय.”

“नाही सर,” मी म्हटलं.

“थँक्यू,” म्हणत त्यांनी कागद घ्यायला हात पुढे केला. माझ्या तोंडून नाही असा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. त्यामुळे त्यांच्या कानांनी तो घेतलाच नाही. मला तो पुन्हा म्हणावा लागला. दुसऱ्या वेळी तो जरा मोठ्याने निघाला आणि पलीकडच्या टेबलावरचे दोघे उभे राहिले.

“म्हणजे? वीज तोडलेली नाही?”

इथे मला खोटं बोलता आलं असतं. जुन्या केबलचा नकाशा सापडत नाही, तपासायला महिना लागेल. कुणी विचारलंही नसतं. पण वीज मीच तोडली होती, माझ्या हाताने, चार वर्षांपूर्वी. आणि असल्या कागदावर अकरा वर्षांत एकही खोटं मी लिहिलेलं नव्हतं. “तोडलेली आहे,” मी म्हटलं. “पण वर पिल्लं आहेत.”

“काय आहेत?”

“पिल्लं, सर.”

श्रीकांत सरांनी फॉर्म पुन्हा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, “जे काही असेल ते शेऱ्यात लिहून पाठव. माझ्याकडे ठेवू नकोस.” आणि निघून गेले.

मी शेरा लिहिला. तेव्हा माझं मन भरून आलं होतं. भरल्या मनाने सरकारी इंग्रजी लिहू नये. मराठीत त्याचा अर्थ असा: ‘खांब रिकामा नाही. त्यावर पाच जणांचं कुटुंब वास्तव्यास आहे. पैकी तिघं अल्पवयीन.’ पक्षी हा शब्द लिहायचा राहिला. मला तो लिहायची गरजच वाटली नाही. मला ते माहीतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकून किनाऱ्यावर होतो, क्रेन येते का बघायला. तेवढ्यात मुख्यालयाच्या सुरक्षा कक्षातून फोन आला. एका बाईंचा आवाज, अतिशय काळजीचा.

“मिस्टर बिवलकर, खांबावरचं कुटुंब अजून वरच आहे?”

माझा शेरा अखेर कुणीतरी मनावर घेतला म्हणून मला बरं वाटलं. “हो, वरच आहे.”

“मुलं किती वयाची?”

“सहा आठवड्यांची. तिघंही.”

पलीकडे श्वास घेतल्याचा आवाज आला. “प्रकृती?”

“दोघं ठीक आहेत. तिसरं अशक्त आहे. त्याला खायला कमी मिळतं.”

“आई-वडील?”

“आई शेजारी बसली आहे. वडील मासे आणायला गेलेत.”

“मुलांना वर सोडून?”

“रोजच जातात,” मी म्हटलं.

“तुम्ही तिथून हलू नका,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मी जानेवारीपासून हललेलो नाही.

वीस मिनिटांत सायरन ऐकू आले. पुढे रुग्णवाहिका, मागे उंच शिडीचा अग्निशामक बंब, त्यामागे कंपनीच्या सुरक्षा खात्याची गाडी, आणि सगळ्यांच्या मागे घामाघूम श्रीकांत सर. धक्क्याच्या तोंडाशी उसामा जीप आडवी लावून उभा होता. कंपनीच्या गाडीतल्या साहेबांनी काच खाली केली. उसामाने हात पुढे केला आणि शांतपणे म्हणाला, “तसरीह?”

रुग्णवाहिका आणि बंब त्याने अर्थातच सोडले. तेवढी समज त्याला होती. पण ते आत गेले, बंबाची शिडी घर्रकन उघडायला लागली आणि मला दिसलं की वर मादी उठून ओरडायला लागली आहे आणि मोठी दोन पिल्लं काठावर आली आहेत. घाबरून एकाने जरी उडी मारली असती तर खाली सिमेंट होतं.

मी धावलो. बावन्नाव्या वर्षी वाळूत जेवढं धावता येतं तेवढं धावलो आणि बंबाच्या पुढे जाऊन उभा राहिलो. हातात गळ तसाच होता. तो मी आडवा धरला. का, ते माहीत नाही. बंबाला गळाने अडवता येत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं.

“शिडी खाली घ्या!” मी ओरडलो. मराठीत ओरडलो. नवल म्हणजे शिडी थांबली.

“कुटुंब कुठे आहे?” बंबावरच्या प्रमुखाने विचारलं.

मी वर बोट दाखवलं. नेमका तेव्हा नर मासा घेऊन परतला.

पुढच्या दहा मिनिटांचं वर्णन मी करणार नाही. मला जे बोललं गेलं त्यातलं अरबी मला कळलं नाही, इंग्रजी कळलं आणि श्रीकांत सरांनी मराठीत जे म्हटलं ते फारच स्पष्ट कळलं. कुणीतरी चित्रफीत काढली. ती जेवणाच्या वेळेपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर होती. गळ घेऊन बंबासमोर उभा असलेला मी, डोक्याला पडद्याच्या रंगाची टोपी. शबनमभाभींनी पुन्हा बिर्याणी पाठवली.

पण त्या गोंधळात उसामाने एक फोन केला होता. दुपारी वन्यजीवांचं काम बघणाऱ्या खात्यातून रुकय्या नावाची तरुण अधिकारी आली. काळा अबाया, पायात धावायचे बूट, गळ्यात माझ्यापेक्षाही लांब भिंग. तिने तासभर घरटं पाहिलं, माझे नऊ हजार फोटो चाळले आणि मला विचारलं, “तिसरं पिल्लू पहिल्यापासून मागे आहे?”

“पहिल्यापासून,” आसावरीने माझ्या आधी उत्तर दिलं. ती टॅक्सी करून येऊन पोचली होती.

रुकय्याने जागच्या जागी पत्र लिहिलं. पिल्लं उडेपर्यंत खांबाला हात लावू नये. शिक्का तिच्या पर्समध्येच होता.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मोठी दोन पिल्लं दोन दिवसांच्या अंतराने उडाली. दोघांचे अप्रतिम फोटो माझ्याकडे आहेत. तिसरं बसून राहिलं. एक दिवस, दोन, चार. पंख पसरायचं, वाऱ्यावर वीतभर उचललं जायचं आणि पुन्हा घरट्यात. सहाव्या दिवशी ते उचललं गेलं, कलंडलं आणि धक्क्याच्या पलीकडे दिसेनासं झालं. आसावरीने माझा दंड असा घट्ट पकडला की नखं रुतली. मग ते पाण्याला जवळजवळ लागून पलीकडच्या बाजूने वर आलं. वेडंवाकडं, पण वर. आसावरी रडत होती आणि दुर्बीण डोळ्यांवर तशीच होती. त्या क्षणाचा माझ्या कॅमेऱ्यातला फोटो माझ्या डाव्या बुटाचा आहे. सांगायला मला लाज वाटत नाही.

त्याच संध्याकाळी श्रीकांत सरांचा फोन आला. “उडाली म्हणे सगळी. उद्या फॉर्म पाठवतो.”

मी खांबाकडे पाहत होतो. तिन्ही पिल्लं घरट्यावर परत येऊन ओळीने बसली होती आणि आईच्या नावाने ओरडत होती.

“सर, उडाली,” मी म्हटलं. “पण जेवायला घरी येतात.”

“किती दिवस?”

“महिनाभर. स्वतः मासा धरायला लागेपर्यंत.”

“जगदीश, पत्रात ‘उडेपर्यंत’ असं लिहिलंय. मुदत संपली.”

“पत्र त्यांचं आहे, सर. सही माझी आहे.”

सर आवाज खाली आणून म्हणाले, “या वेळी तुझ्या मागे कुणी नाही. वरून काही आलं तर मी थांबवू शकणार नाही. इकामा कंपनीचा आहे, विसरू नकोस.”

फोन ठेवला तेव्हा मी घाबरलो होतो. धैर्यवान माणसं घाबरत नाहीत असं म्हणतात. मी धैर्यवान असल्याचा दावा कधीच केलेला नाही. मी आसावरीला सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी इराची दहावी. नोकरी गेली तर शाळा, घर, सगळंच उचलावं लागणार.

तिने गळ गुंडाळून पिशवीत ठेवला. “नाही म्हणालात ना?”

“हो.”

“मग आता मध्येच हो म्हणू नका. एक तर बोलायचं नव्हतं, नाहीतर नीट बोलायचं.” थोडं थांबून म्हणाली, “आणि ते मागचं अजून स्वतःहून काही खात नाही.”

भाड्याने आणलेली क्रेन रोज नुसती उभी राहिली. कंपनीतल्या लोकांनी माझ्या टेबलावर बसणं सोडलं. कँटीनमध्ये मी एकटा जेवायचो. इराने एकदा शाळेतून येऊन सांगितलं, “बाबा, माय फ्रेंड्स थिंक यू आर मॅड.” मी विचारलं, “आणि तुला?” ती दप्तर टाकत म्हणाली, “मी म्हटलं, ही इज. सो व्हॉट?” इराने त्या महिन्यात मराठीत उच्चारलेले ते दोनच शब्द, पण मला पुरले.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, डोळे दिपवणाऱ्या उन्हात, ते तिसरं पिल्लू पाय पुढे काढून पाण्यात पडलं. पाचव्या प्रयत्नाला त्याच्या नख्यांत वीतभर मासा होता. त्याने तो घरट्यावर नेला नाही. दूर एका खडकावर बसून एकट्यानेच खाल्ला, डोक्यापासून. मी फोटो काढले. सगळे स्पष्ट आले. तिथून सरळ कारखान्यात गेलो, कुणी मागितलेला नसताना फॉर्म काढला, सही केली, तारीख घातली आणि श्रीकांत सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

जूनमध्ये खांब पाडला. मी बघायला गेलो नाही. उसामा गेला होता. रिकामा होता, एवढंच त्याने फोनवर सांगितलं.

त्यानंतर आठवड्याने श्रीकांत सर माझ्या टेबलाशी आले. बसले. हातात एक पाकीट होतं. “अबकैकला जायचंय,” ते म्हणाले. “तेलाच्या कारखान्यात आपलं देखभालीचं काम आहे. देशाच्या पार पलीकडच्या टोकाला. चोहीकडे वाळवंट, समुद्राचं नाव नाही. मी नोकरी वाचवली, बदली नाही वाचवू शकलो. कारण ‘कामाची निकड’ असं लिहिलंय.”

“समजलं, सर.”

“एक विचारू? कशासाठी केलंस हे? पाच पक्ष्यांसाठी?”

मी खरंच विचार केला. “सर, आधी टिपऱ्यांसाठी केलं,” मी म्हटलं. “मग पक्ष्यांसाठी. शेवटचा महिना स्वतःसाठी.”

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की कीव आली म्हणून, ते कळलं नाही. मग पाकिटातून पत्र काढलं, माझ्यासमोर सरकवलं, पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.

मी पेन टेबलावर ठेवलं.

“ठेवून जा, सर,” मी म्हटलं. “वाचून करीन.”

“अरे, एकच पान आहे.”

“हो,” मी म्हटलं आणि चष्मा पुसायला घेतला. “सावकाश वाचतो.”